मेस्तांना विचारा: खुर्ची मॉरिसची की आजोबांची?

प्रश्न: आजोबा 1936 साली मुंबईची नोकरी सोडून गावी आले, तेव्हा त्यांनी एक खुर्ची बरोबर आणली होती. तिची पाठ मागे कलते. मागे पितळेचा दांडा आहे, तो खाचांत अडकवायचा. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ती बघून गेला. "ही इंग्लंडची मॉरिस चेअर, 1890 ची, आर्ट्स अँड क्राफ्ट्स" असं म्हणतो आणि मागतोय. मुलगी म्हणते, घासून पांढरा रंग देऊन बाल्कनीत ठेवूया. फोटो पाठवले आहेत. काय करू? (एक वाचक, म्हापसा)

ताई, आधी मुलीच्या हातातला पॉलिश पेपर काढून घ्या. मग बोलूया.

व्यापाऱ्याने नाव बरोबर सांगितलं. गाव आणि साल मात्र मला पटत नाही. विल्यम मॉरिस हे इंग्लंडातले कवी आणि नक्षीकार. कारखान्यातून निघणाऱ्या चकचकीत, जीव नसलेल्या मालाचा त्यांना वीट आला होता, म्हणून 1861 मध्ये मित्रांना घेऊन त्यांनी घरसामानाची कंपनी काढली. 1866 च्या सुमाराला त्या कंपनीचे व्यवस्थापक वॉरिंग्टन टेलर ससेक्समध्ये इफ्रेम कोलमन नावाच्या म्हाताऱ्या सुताराकडे गेले. तिथे त्यांना अशी मागे कलणारी खुर्ची दिसली. तिच्यावरून फिलिप वेब या वास्तुविशारदाने कंपनीसाठी नमुना काढला आणि खुर्चीला नाव पडलं मॉरिसचं. कोलमन मेस्त राहिला बाजूला. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. गोव्यातल्या मोठ्या घरांत शिसवीच्या खुर्च्या दाखवताना घराण्याचं नाव सांगतात, खुर्ची कुठल्या चारीने, म्हणजे सुताराने केली ते कोणी सांगत नाही.

'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' हे हातकामाला मान देणाऱ्या या चळवळीचं नाव त्यानंतरचं. 1887 मध्ये लंडनला त्या नावाची प्रदर्शन भरवणारी संस्था निघाली, तिथून ते रुळलं. पुढे अमेरिकेत गुस्ताव स्टिकलीने याच खुर्चीला जाडजूड ओकचं रूप दिलं. बंद खोलीत अमोनियाची वाफ देऊन तो लाकूड तपकिरी करायचा. ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं, अमोनियाने ते काळवंडतं. सागवानाला ही वाफ तशी चढत नाही.

आता तुमची खुर्ची. ती सागवानाची आहे. पाठीमागच्या फोटोत नसा स्पष्ट दिसतात. बैठकीखाली कोणाला दिसणार नाही अशा जागी नखभर खरवडून बघा. ताजा सागवान हाताला तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. इंग्लंडात अशा खुर्च्या बहुतेक ओकच्या, अक्रोडाच्या, महोगनीच्या होत. सागवानाची, वेत विणलेली, मुंबईहून आलेली म्हणजे मुंबईच्याच एखाद्या मेस्ताने कॅटलॉगमधलं चित्र समोर ठेवून केलेली, असा माझा अंदाज. लेबल किंवा शिक्का नसेल तर इंग्लंडचं नाव घेऊन पैसे मोजू नये आणि मोजूनही घेऊ नये.

पण म्हणून ती कमी झाली नाही. खुर्चीच्या हातावरचा फोटो बघा. पुढचा पाय हातातून आरपार वर आलाय आणि चौकोनी तोंड दाखवतोय. नकली मालात तिथे नुसती चकती चिकटवलेली असते. ओळखायचं कसं? त्या चौकोनाच्या तोंडावर लाकडाची वर्तुळं, म्हणजे ओंडका आडवा कापल्यावर दिसतात तशी रेघांची कमान दिसली पाहिजे. तुमच्या फोटोत ती आहे. दुसरं, सांध्यातल्या खुंट्यांवरून बोट फिरवा. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही, म्हणून जुन्या कामात खुंटीचं डोकं केसभर वर लागतं. नव्या कामात ते सपाट असतं.

बिजागरीला फुलीच्या तोंडाचे स्क्रू आहेत ते बघून घाबरू नका. असे स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर आले, म्हणजे ते मागाहून कोणीतरी बसवलेत. बाजूला बुजवलेली जुनी भोकं सापडतील.

साफ कशी करायची? कापसावर थोडं स्पिरिट घेऊन आतल्या बाजूला लावा. चिकट झालं तर वरचं पॉलिश चपडीचं, म्हणजे लाखेचं आहे. मग स्पिरिट पुन्हा वापरू नका. सुक्या ब्रशने धूळ काढा, पातळ मेण-टर्पेंटाइन सुती कापडाने लावा, थोड्या वेळाने रगडा. एवढंच. घासलंत तर नव्वद वर्षांत चढलेला रंग दहा मिनिटांत भुसा होऊन खाली पडेल आणि कडा गोल होतील. पांढरा रंगच हवा असेल तर मुलीला बाजारातून दुसरी खुर्ची आणून द्या, अशा खुर्च्यांची वानवा नाही.

प्रश्न: आमच्या जेवणाच्या शिसवीच्या सहा खुर्च्या दर पावसाळ्यानंतर डुगडुगतात. पांढरा गोंद भरून घेतला की दोन वर्षं बऱ्या राहतात, पुन्हा तेच. (वाचक, मडगाव)

बाब, हे माझंही जुनं पाप आहे म्हणून सांगतो. मी पंचविशीत होतो, वडील आजारी होते. लोटलीच्या एका घरातल्या बारा खुर्च्या मी एकट्याने पांढऱ्या गोंदाने भरून दिल्या आणि लौकर काम उरकलं म्हणून खूश झालो. चार वर्षांनी त्या परत आल्या. सांधे उकलायला गेलो तर गोंद सुटेना, लाकूडच फाटलं. दोन कुशी, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची टोकं, मोडल्या. वडील काही बोलले नाहीत, नुसती मोडलेली कूस माझ्या हातात दिली.

होतं असं: पावसात कूस फुगते, खाचेत फुगायला जागा नसते, म्हणून तिचे तंतू दबतात. मार्च-एप्रिलमध्ये ती सुकते तेव्हा पहिल्यापेक्षा बारीक होते. गोंद त्या फटीत नुसता भरला जातो. शिवाय जुन्या सुकलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, म्हणून दर वेळी दुरुस्ती कमजोर होते.

जुन्या मेस्तांनी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, वापरला त्याला कारण होतं. सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. पुढच्या पिढीला सांधा उघडायचा झाला तर गरम पाणी आणि धीर पुरतो. दोष एकच, आमच्या पावसाळ्यात सरस जरा नरम पडतो. म्हणून कूस आधी पातळ पट्टी चिकटवून घट्ट करायची, सरस त्यानंतर. हे काम दिवाळी ते शिगमो (होळी) या दिवसांतच करून घ्या. जुलैत "आजच करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न: पणजोबांचं लिहिण्याचं मेज मुलगा लंडनला न्यायचं म्हणतो. पाठवता येईल का? (वाचक, पणजी)

मेज शंभर वर्षांहून जुनं असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते देशाबाहेर नेता येत नाही. तेवढं जुनं नसेल तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला घ्यावा. शिसवीचं असेल तर वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमही लागतात. मुलाला म्हणावं, सुट्टीत येऊन याच मेजावर लिही.

प्रश्न: कपाटाखाली रोज पीठ पडतं. काजूच्या टरफलाचं तेल लावू का? आजी लावायची. (वाचक, डिचोली)

आजी ते छपराच्या वाशांना लावायची, कपाटाला नव्हे. त्या तेलाने लाकूड काळं पडतं आणि हाताला फोड येतात. कपाटाखाली काळा कागद ठेवा. दोन दिवसांत पीठ पुन्हा पडलं तर किडा जिवंत आहे. मग बारीक सुईच्या पिचकारीने भोकाभोकात किडा मारण्याचं औषध घाला, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. पंधरा दिवसांनी पुन्हा घाला आणि मगच भोकं मेणाने बुजवा. कागद मात्र पुढचा पावसाळा संपेपर्यंत तिथेच असू द्या.