कांबियो कोर्सा गिअरची जुनी सायकल घेतलीत? आधी मागचं चाक बघा

अभिनंदन! पण लगेच रस्त्यावर काढू नका. कँपान्योलो या इटालियन कंपनीच्या या जुन्या गिअरला हल्लीसारखा चेन ताणून धरणारा हात नसतो. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या उजव्या नळीवर दोन लांब दांड्या दिसतात ना? एक चाकाची पकड सैल करते, दुसरी चेन सरकवते, तेही पॅडल उलटं मारत असताना. चाक फ्रेमच्या खाचेत मागेपुढे होऊन चेनचा ढिलेपणा काढतं. 1948 ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इटलीचा जिनो बार्ताली याच गिअरवर जिंकला. मला स्टँडवर शिकायलाच आठवडा लागला!

खरी गोम दातांत आहे. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांचे बारीक दात फ्रेमच्या खाचेतल्या दातांवरून फिरतात, म्हणून चाक तिरकं होत नाही. तिथे जुनं ग्रीस दगडासारखं बसलेलं असतं. रॉकेल आणि टूथब्रश घ्या, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. ते दात गेले तर काम थेट फ्रेमवर येतं. चेनही आखूड नको. ती मागच्या सर्वात मोठ्या दातेरी चकतीवर असताना चाक खाचेच्या पुढच्या टोकाला टेकलं नाही पाहिजे.

आणि फ्रेमच्या रंगाला तूर्त हात लावू नका, कितीही उडालेला असला तरी.