नाक्यावर पोलिसांनी थांबवले तर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. नाशिकहून वणी, बोरगाव, हातगडमार्गे सायकलने सापुताऱ्यास जाण्याचा तुझा बेत कळला. तू गिअर आणि टायरविषयी विचारलेस. मी मात्र पोलिसांविषयी लिहितो, कारण त्याची तयारी सहसा कोणी करत नाही.

सामान लादलेली सायकल अंधारात नाक्यावर आली, की हवालदाराला आधी एवढेच हवे असते की हा माणूस कोण, कुठून आला आणि मुक्काम कुठे करणार. म्हणून सायकलवरून उतरावे, हेल्मेट काढावे आणि हे सारे त्याने विचारण्याआधीच सांगून टाकावे. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिला परवाना, नोंदणी किंवा पीयूसी लागत नाही, हे ठाऊक असू दे, पण संभाषणाची सुरुवात या मुद्द्याने करू नकोस. महागडी सायकल चोरीची असावी अशी शंका येऊ शकते; तेव्हा ओळखपत्राबरोबर खरेदीची पावती आणि फ्रेम क्रमांकाचा फोटो जवळ ठेव.

खरी अडचण हातगडच्या पुढे, म्हणजे गुजरातच्या हद्दीत आहे; सापुतारा तिथेच येते. नाशिकची वाइन भेट म्हणून नेण्याचा मोह तुला होईल, आणि इथे त्यात वावगे काहीच नाही; परंतु मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरातने स्वतंत्र राज्य झाल्यावरही चालू ठेवला असून, परवान्याशिवाय दारू जवळ बाळगणे हा तिथे गुन्हा आहे. सीमेवर पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला अडकवलेल्या पिशव्या, उघडायला सांगितले आणि त्यात एक बाटली जरी निघाली, तरी ‘आमच्याकडे चालते’ हे उत्तर तिथे कामाचे नाही. बाटली घरीच ठेव.

परतीला देवळालीकडून येणार असशील, तर लष्करी हद्दीत कॅमेरा काढू नकोस. समृद्धी महामार्गावर दुचाकींनाही बंदी आहे, मग सायकलची गोष्टच सोड. गावाबाहेर तंबू ठोकायचा असेल, तर अंधार पडण्यापूर्वी पोलीस पाटलांना भेटून जागा विचार. रात्री कोणी ठाण्याला फोन केलाच, तर तुझी ओळख सांगणारा माणूस गावातच असेल.

दंड मागितल्यास कलम विचार आणि नम्रपणे पावती माग. पावती न देता पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. रस्त्यात वाद मात्र घालू नकोस. अटक झालीच, तर कारण सांगणे, घरच्यांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे पोलिसांना बंधनकारक आहे. बरोबर मैत्रीण असेल, तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करता येत नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा. घरच्या एकाचा फोन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेव, कारण मोबाइल हातातून गेला की हल्ली कोणाचाच क्रमांक पाठ नसतो.

तुझा,
काका