लोअर बॉल जॉइंट नकलमधून सुटतच नाहीये, प्रेस न घेता घरी कसा काढू?

तुम्ही लिहिलंय की नट निघाला, पण दोन दिवस पिनच्या टोकावर हातोडा मारूनसुद्धा जॉइंट (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म, आणि चाक धरणारा धातूचा तुकडा म्हणजे नकल, या दोघांमधला गोळ्याचा सांधा) जागचा हलत नाही. आधी ते टोकावर मारणं बंद करा, त्यानं आटे चेपतात, वरचा भाग फुगतो आणि मग जॉइंट मोकळा झाला तरी पिन भोकातून बाहेर येत नाही. मी माझ्या गाडीवर पहिल्यांदा हेच केलं होतं आणि शेवटी ग्राइंडरनं पिनचं टोक कापावं लागलं.

एक गोष्ट आधी बघून घ्या. बऱ्याच छोट्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत टेपर (पिनचा निमुळता भाग) नसतोच, पिन सरळ असते आणि एक आडवा बोल्ट तिच्या खाचेतून जातो. तो बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, मग नकलच्या फटीत छिन्नी हलकेच ठोकून फट जराशी उघडायची आणि आर्म पहारीनं खाली दाबायचा.

तुमचा टेपरवालाच असेल तर असं समजा की पिन निमुळती आहे, भोकही तसंच निमुळतं आहे, आणि नटानं ती आत खेचून अशी चावून बसलीय की आता नट काढला काय न काढला काय, तिला फरक पडत नाही. ही पकड तोडायला दोन गोष्टी एकदम लागतात, ताण आणि झटका. नट परत चारपाच आटे लावा (जॉइंट सुटला की आर्म धाडकन उडतो, तो नट त्याला धरून ठेवतो), मग आर्मवर लांब पहार लावून कुणाला तरी दाबून धरायला सांगा, आणि तुम्ही नकलच्या ज्या कानात ती पिन बसलीय त्या कानाच्या बाजूवर, आडवा, एक-दीड किलोच्या हातोड्यानं जोरात मारा. समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर झटका वाया जात नाही. त्या झटक्यानं भोक क्षणभर वाकडं होतं आणि पकड सुटते. हळूहळू वीस ठोके मारण्यापेक्षा चार नेमके बसलेले जास्त काम करतात. सुटताना 'ठक्' असा आवाज येतो आणि रबरी बुटाच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) वर बारीकशी फट दिसते.

पहार धरायला कोणी नसेल तर बॉल जॉइंट सेपरेटर घ्या, एका बोल्टवर चालणारा कैचीसारखा. प्रेसपेक्षा खूप स्वस्त पडतो. तो आवळून ताण द्या आणि मग तसाच बाजूनं ठोका. दोन दात्यांचा काटा मिळतो तो मला आवडत नाही, बूट फाडतो, जॉइंट फेकायचाच असेल तरच वापरा.

गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. गॅसची ज्योत अगदी शेवटी, तीसुद्धा फक्त लोखंडी नकलवर आणि जुना जॉइंट टाकायचाच असेल तेव्हा, कारण आतलं ग्रीस पेट घेतं आणि ब्रेकचा पाइप शेजारीच असतो. ॲल्युमिनियमला ज्योत लावूच नका.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी जॅक स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. आणि स्प्रिंग थेट लोअर आर्मवर बसलेली असेल तर आर्मखाली दुसरा जॅक लावल्याशिवाय एकही ठोका मारू नका, त्या स्प्रिंगमध्ये माणूस मरेल एवढा जोर असतो. डोळ्याला चष्मा लावा, हातोड्याचे कपचे उडतात.

जॉइंट आर्ममध्ये दाबून बसवलेला असेल तर नकलमधून सुटल्यावर अर्धंच काम झालं. तिथं सी-प्रेस (C आकाराचा, स्क्रूनं आवळून जॉइंट दाबून काढायचा शिकंजा) लागतो, तो कुणाकडून भाड्यानं किंवा मागून आणा, एका दिवसाचं काम आहे. आवळायच्या आधी तारेच्या ब्रशनं चिखल साफ करून सर्क्लिप (जॉइंट जागेवर अडवून ठेवणारी स्प्रिंगसारखी कडी) आहे का बघा, असेल तर आधी काढा, चिखलाखाली दिसत नाही आणि तसंच आवळलं तर प्रेसच वाकतो.

नवीन बसवताना टेपर कोरडा पुसून घ्या, तेल-ग्रीस नको. नट आवळताना पिनच फिरायला लागली तर जॉइंटखाली जॅक हलकेच टेकवा, टेपर आत चावतो आणि फिरणं थांबतं. स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून आडवी घालायची दुहेरी तार) भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका, आणि स्प्लिट पिन नवीच टाका.