धोट्याला ओठ लावून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा लोकलमध्ये वाचायला घेतला आणि परळ मागे गेलं ते कळलंच नाही. अमेरिकेतले मूळ रहिवासी नवाहो, कर्नाटकातले सिद्दी आणि आपल्या गिरणगावातले साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे, यांच्याबद्दल एकत्र लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. एक गोष्ट मात्र खटकली. प्रत्येक कापडाखाली तू नक्षीचा अर्थ लिहून टाकलास. हा त्रिकोण म्हणजे डोंगर, ही रेघ म्हणजे नदी. असं कोष्टक करू नकोस. "याचा अर्थ काय?" असं विचारलं की विणणारी बाई पाहुण्याला बरं वाटेल ते सांगून मोकळी होते. त्यापेक्षा विचार, सूत कुठून आणलं? मागावर कोण बसायचं, आणि कोणाला बसू देत नव्हते?

नवाहोंचंच बघ. व्यापारातून आलेलं लाल लोकरी कापड ते धागा धागा उसवत आणि त्याच धाग्यांनी आपली ब्लँकेटं विणत. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्यांना घरादारातून उठवून शेकडो मैल पायी बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. त्याआधीच त्यांच्या मेंढ्या मारल्या होत्या, शेतं जाळली होती. १८६८ मध्ये करार झाला तेव्हा ते परतले. पुढे कारखान्यात रंगवलेलं तयार सूतही त्यांच्या मागावर चढलं. नक्षीकडे वळण्याआधी त्या सुताकडे बघ.

सिद्दींच्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या गोधडीला, विणकाम म्हणू नकोस. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या त्या बायका जुन्या कपड्यांची ठिगळं टाचून ती शिवतात. आपल्या वाकळेची ती सख्खी बहीण. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलं होतं. कोपऱ्यांवर घडीची 'फुलं' लावल्याशिवाय त्या गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत.

आता आपल्या दारातलं. माझे बाबा साचेवाले. साच्यांच्या खडखडाटानं कान गेलेले, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. मागावर आडवा धागा नेणारा तो धोटा, आणि त्यात बसते ती सुताची कांडी. कांडी संपली की धोट्यात नवी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासाबरोबर धागा बाहेर ओढून घ्यायचा. पाळीभर हेच. छातीत कापूस जायचा तो वेगळाच.

आणि एवढ्याशा त्या ओढण्यापायी मुंबईच्या गिरण्यांत दलितांना साचा खात्यात घेत नसत. त्यांच्या ओठांना लागलेल्या धाग्याचा इतरांना विटाळ! जास्त पगार साचा खात्यात, आणि त्यांना तिथंच मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. बाबांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मोठेपणी वाचलं आणि त्यांना विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होतं तसं." मीही पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आजही मला टोचतं.

तुझ्या मसुद्यात गिरणगावचा एकोपा आहे, १९८२ चा संप आहे. ते राहू दे, खरंच आहे ते. पण कोणाचे आजोबा कोणत्या खात्यात होते, हे तू चाळीतल्या कोणालाच विचारलेलं दिसत नाही. परत जा. दलित घरांतल्या म्हाताऱ्यांकडे आधी जा. रेकॉर्डर लगेच काढू नकोस.

शनिवारी माझ्याकडे ये. बाबांचा धोटा मी जपून ठेवलाय, भोकापाशी लाकूड काळं, गुळगुळीत झालंय. कांडी भरून ठेवते. ओठ लावून तू स्वतः एकदा धागा ओढ, मग बसू लिहायला.

तुझ्या,
बाई