हुकूमशाही देशांत टेक कंपन्यांनी धंदा करावा की बाहेर पडावं?

"कंपनीला तिथला कायदा पाळावाच लागतो." हे वाक्य मी २०१९ पासून ऐकतोय. म्हणणारे आमचे भावोजी, पुण्यात आयटीत आहेत. म्हणूनच लिहायला बसलो.

धाकटा भाऊ जहाजावर मोटरमन. त्या वर्षी गणपतीत त्यांचं जहाज चीनमध्ये झौशानला ड्राय डॉकला होतं. फोन इंजिनरूममध्ये पडून मेला, म्हणून तिथेच नवा, भारीतला आयफोन घेतला. दुकानातल्या पोरीने ॲपलचं खातंही तिथलंच, म्हणजे चीनचं, उघडून दिलं. व्हॉट्सॲप त्या देशात बंद, त्यामुळे व्हीपीएन हवं, म्हणजे सरकारी अडथळा चुकवून नेट चालवणारं ॲप. आणि स्टोअरमध्ये शोधलं तर एक नाही. इकडे गुहागरला आई आरतीच्या वेळी फोन समईशेजारी उभा करून बसायची. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी एका फिलिपिनो फिटरने आपल्या साध्या अँड्रॉइडवर मेमरी कार्डातून व्हीपीएनची एपीके, म्हणजे स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल, चढवली आणि गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी आईला मुलगा दिसला. दाढी वाढलेली. आई आरती सोडून त्यालाच ओरडत होती.

भारीतल्या फोनला बाहेरची एपीके चढतच नव्हती. माझं भांडण तिथे आहे. जुलै २०१७ मध्ये ॲपलने चीनच्या ॲप स्टोअरवरून व्हीपीएन ॲप काढली, कायद्याचं कारण देऊन. ठीक. पण ॲप यायला एकच वाट ठेवायची, हे कुठल्या सरकारने सांगितलं होतं? आमच्याकडे खारबंधाऱ्याला एकच उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, असली की ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळ्यांची शेतं. सरकारला लाखो फोन धरावे लागत नाहीत, एक कंपनी धरली की पुरतं. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियात मतदान सुरू झालं त्याच दिवशी पुतीनविरोधी नेता नवाल्नीच्या माणसांचं, सत्ताधाऱ्यांना पाडायला कुणाला मत द्यावं ते सांगणारं 'स्मार्ट व्होटिंग' ॲप ॲपल आणि गूगल दोघांनीही काढलं. अँड्रॉइडवाल्याला निदान फाइल मिळवून टाकता येत होती.

राहिला धंदा करावा की बाहेर पडावं हा प्रश्न. गूगलने २०१० मध्ये चीनमधलं सर्च हाँगकाँगला हलवलं. मान राहिला असेल, तिथल्या माणसाला काय मिळालं? राहा नाहीतर जा, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देऊन काय ते करा.

आता हेही सांगतो, माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि आरटीओ चलनाच्या नावाने आलेली एपीके उघडून खातं रिकामं झालेली माणसं माझ्याच काउंटरवर येतात. तेव्हा सरसकट सगळं उघडं ठेवा असं मी म्हणत नाही. कुलूप असू दे, पण ते मालकाला काढता आलं पाहिजे. भावोजी यावर म्हणतात, "सामान्य माणसाला काय कळतंय?" त्या फिटरला कळलं होतं. शिमग्याला येतील तेव्हा पुन्हा विचारणार आहे.