तुम्ही पाहिलंत की कुणी सांगितलं?

प्रश्न : मध्यंतरी एका ज्येष्ठ युद्धवार्ताहरांचं व्याख्यान ऐकलं. अंगावर काटा येईल असं काही ऐकायला मिळेल म्हणून भाचीलाही सोबत नेलं. पण त्यांचा निम्मा वेळ टेलिफोन, परवाने आणि ड्रायव्हर यांतच गेला. थंडीत बॉलपेन चालत नाही म्हणून पेन्सिल न्यायची, गाडीच्या काचांवर चिकटपट्टीने ‘टीव्ही’ अशी अक्षरं करायची, वगैरे. सगळ्यात जास्त घाबरलात कधी, असं कुणी विचारलं तर म्हणाले, “बातमी हातात होती आणि लाइन मिळत नव्हती तेव्हा.” एक हल्ला नेमका कुणी केला, यावर “माहीत नाही, मी दुसऱ्या दिवशी पोचलो,” एवढं बोलून मोकळे! भाचीच्या मते ते टाळत होते. तुम्हाला काय वाटतं? आणि ही माणसं जवळ शस्त्र बाळगतात का?

उत्तर : मला तर हे व्याख्यान चुकल्याची हळहळ वाटली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना बाहेरगावच्या बातमीदारांच्या बातम्या फोनवर उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे असे. खरखरीतून एकेक नाव अक्षरं सुटी करून विचारायचं आणि मधेच टोकायचं, “हे तुम्ही पाहिलंत की कुणी सांगितलं?” मुरलेला बातमीदार या प्रश्नाला चिडत नसे. चिडणाऱ्याची बातमी आम्ही दोनदा तपासायचो. तेव्हा “मी दुसऱ्या दिवशी पोचलो” हे मला त्या संध्याकाळचं सगळ्यात भरवशाचं वाक्य वाटतं.

लाइनचं म्हणाल, तर तो या धंद्याचा प्राण. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाची लढाई झाली 25 ऑक्टोबर 1854 ला. विल्यम हॉवर्ड रसेल यांनी ती टेकाडावरून डोळ्यांनी पाहिली, पण त्यांचा वृत्तांत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये उमटला 14 नोव्हेंबरला.

भाचीला ब्रिटिश वार्ताहर क्लेअर हॉलिंगवर्थ यांची गोष्ट जरूर सांगा. ऑगस्ट 1939. ‘डेली टेलिग्राफ’मध्ये रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. पोलंडमधल्या कातोवित्से इथे ब्रिटिश वकिलातीची गाडी मागून घेतली आणि या बाई सरळ सीमेपलीकडे जर्मनीत गेल्या. परतताना रस्त्याकडेला गोणपाटाचे लांबच लांब पडदे लावलेले होते. वाऱ्याने ते उडाले आणि मागे दरीत रणगाड्यांच्या रांगा! पुढे 1 सप्टेंबरला हल्ला सुरू झाला, तेव्हा त्यांनी वॉर्साच्या दूतावासात फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला खरं वाटेना, तर बाईंनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. ऐक म्हणावं आता! मग सांगा, युद्धाच्या गोष्टीतून टेलिफोन वगळायचा कसा?

लाइन मिळाली तरी सगळं बोलता येतंच असं नाही. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या 1982 च्या फॉकलंड युद्धात बीबीसीचे ब्रायन हॅनरहन विमानवाहू जहाजावर होते. हल्ल्याला किती विमानं गेली ते सांगायला मनाई. त्यांनी एवढंच सांगितलं की जाताना सगळी मोजली आणि परत येतानाही सगळी मोजली. आकडा गुलदस्त्यात राहिला आणि एकही विमान पडलं नाही, हे ऐकणाऱ्याला कळलं.

आणि ड्रायव्हर म्हणजे नुसता गाडी हाकणारा समजू नका. नाक्यावर कुणाशी काय बोलायचं, कुठला रस्ता आज बंद, हे त्यालाच ठाऊक. बऱ्याचदा दुभाषाही तोच. वार्ताहर आपल्या देशी परततो, हा तिथेच राहतो, आणि बातमीवर त्याचं नाव क्वचितच येतं. व्यासपीठावरून त्याची आठवण निघाली, हे मला फार आवडलं.

शस्त्राचं उत्तर सोपं आहे : सहसा नाही. युद्धात कुणाशी कसं वागायचं याचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या (पुरवणी कराराच्या) 79 व्या कलमानुसार युद्धक्षेत्रातला पत्रकार हा नागरिकच धरला जातो, मात्र त्या दर्जाला बाध येईल असं त्याने काही करता कामा नये. कमरेला पिस्तूल दिसलं की समोरचा कशाला विचारत बसेल? सैन्याच्या परवानगीने त्याच्यासोबत फिरणारा वार्ताहर पकडला गेला, तर 1949 च्या तिसऱ्या करारानुसार त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. त्यासाठी सैन्याने त्याला ओळखपत्र द्यायचं असतं.