मोतीबिंदूचं ऑडिट पहिल्यांदाच करताय?

एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) रुजू होताच मोतीबिंदूच्या ऑपरेशन्सचं ऑडिट, म्हणजे निकालांची तपासणी, गळ्यात पडलंय म्हणता, पण घाबरू नका. रॉयल कॉलेज ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट्स या तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेच्या राष्ट्रीय ऑडिटचा मुख्य भर दोनच गोष्टींवर असतो: ऑपरेशन करताना भिंगामागचं आवरण फाटलं का, आणि ऑपरेशननंतर नजर आधीपेक्षा बरीच खालावली का. तुम्हीही तूर्त एवढंच धरा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ऑपरेशननंतरची नजर नोंदलेलीच नसते. ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. पेशंट तपासणीला घराजवळच्या ऑप्टोमेट्रिस्टकडे (नजर तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्याकडे) जातो आणि आकडा तिथेच राहतो. रिकामा रकाना म्हणजे 'सगळं ठीक' नव्हे! ऑप्टोमेट्रिस्टने भरायचा नजरेचा फॉर्म तुमच्या विभागात परत कसा येतो, कोण भरतो, ते आधी शोधा.
- कच्च्या टक्केवारीवरून सर्जनची तुलना. ज्याच्या यादीत पिकलेले पांढरे मोतीबिंदू, डोळ्यांच्या न फुलणाऱ्या बाहुल्या, टॅम्सुलोसिन (प्रोस्टेटचं औषध, याने बाहुली ढिली पडते) घेणारे आजोबा जास्त, त्याचा आवरण फाटण्याचा आकडा वाढणारच. केसचा अवघडपणा हिशेबात धरावाच लागतो.
- थोड्या केसेसवरून निष्कर्ष. 2001 ते 2006 मधल्या 55,567 ऑपरेशन्समध्ये आवरण फाटण्याचं प्रमाण 1.92 टक्के होतं, पुढे ते आणखी घटलं. पन्नास केसेसमध्ये एक फाटलं तर 2 टक्के, दोन फाटली की थेट 4. यावरून कुणाला धारेवर धरू नका.

फनेल प्लॉट (केसेसची संख्या धरून सर्जनची तुलना करणारा आलेख) वगैरे नंतर बघू. आधी गेल्या तीन महिन्यांच्या यादीतले नजरेचे रिकामे रकाने मोजा.